न्यूट्रॉन केंद्राचं नेतृत्व आणि स्वतःचं भौतिकशास्त्र

प्रश्न : स्पिनतरंग
चुंबकीय पदार्थांवर न्यूट्रॉन स्कॅटरिंग (न्यूट्रॉन सोडून ते कसे विखुरतात ते पाहणं) करून पीएच.डी. झाली. गेली ४ वर्षं एक स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे विखुरलेल्या न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजणारं यंत्र, सांभाळतेय. आता गटप्रमुख व्हाल का, अशी विचारणा झालीय. मोठ्या केंद्रांचे संचालक याच वाटेने वर गेलेले दिसतात. पण त्या वाटेवर आपलं संशोधन टिकतं का? खरंच ठरत नाहीये.

उत्तर : थंड_न्यूट्रॉन
न्यूट्रॉन स्कॅटरिंगवालेच भौतिकशास्त्रज्ञ टॉम मेसन यांचं उदाहरण घ्या. त्यांची पीएच.डी. मॅकमास्टरची, म्हणजे न्यूट्रॉन स्कॅटरिंगसाठी नोबेल मिळवणाऱ्या ब्रॉकहाउस यांच्या विद्यापीठातली. पुढे बेल लॅब्ज, डेन्मार्कचं रिसो, टोरांटोत प्राध्यापकी. १९९८ साली ते अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्सवर (प्रोटॉन आदळवून न्यूट्रॉन काढणारं केंद्र) आले, तेव्हा तिथे बीम नव्हता. पहिले न्यूट्रॉन निघाले एप्रिल २००६ मध्ये. म्हणजे ऐन उमेदीची आठ वर्षं यंत्र उभं करण्यात गेली. २००७ साली ते अख्ख्या ओक रिज प्रयोगशाळेचे संचालक झाले, २०१८ साली लॉस अलामॉसचे.

मी १९ वर्षं बीमलाइनवर (न्यूट्रॉनांचा झोत प्रयोगापर्यंत आणणारी वाहिनी) आहे, त्यातली ७ गटप्रमुख म्हणून. माझं मत सांगतो : भौतिकशास्त्र सुटत नाही, त्यातला आपला प्रश्न बदलतो. ओक रिजला प्रोटॉनांचे सेकंदाला ६० स्पंद पाऱ्यावर आदळतात. पारा वाहता असल्यामुळे उष्णता घेऊन जातो, म्हणून तो निवडला. पण प्रत्येक स्पंदासरशी त्यात दाबलहर उठते, पोकळ्या तयार होऊन फुटतात आणि पोलादी भांड्याला आतून खड्डे पडतात. भांडं गळलं की सगळ्याच बीमलाइन बंद. मग पूर्ण शक्तीने चालवायचं, की थोडी कमी ठेवून अखंड? हा निर्णय हिशेबनिसाला घेता येत नाही. ज्याने पाच दिवसांच्या बीमटाइमसाठी (झोत वापरायला मिळणारा वेळ) वर्षभर वाट पाहिलीय, नमुना थंड होईपर्यंत रात्र जागून काढलीय, त्यालाच कळतं की तिसऱ्या दिवशी बीम गेला तर कुणाच्या तरी प्रबंधातलं एक प्रकरण गेलं. म्हणून तुमच्यासारख्यांनी ही पदं घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

मात्र स्वतःच्या प्रयोगांचे दिवस आधीच लेखी मागून घ्या. मी मागितले नव्हते. तीन वर्षं एकही प्रस्ताव माझ्या हातून लिहिला गेला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

उत्तर : ग्राफाइट
परतीची वाटही असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ म्योसबाउअर यांना नोबेल मिळालं १९६१ साली. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या लाउए-लांजव्हँ संस्थेची (इथे न्यूट्रॉन अणुभट्टीतून मिळतात) धुरा त्यांनी आपले गुरू मायर-लायबनिट्स यांच्याकडून घेतली, १९७७ मध्ये सोडली आणि म्युनिकला परत गेले. नंतर त्याच अणुभट्टीजवळ न्यूट्रिनोंचा जो प्रयोग झाला, त्याच्या गटात ते होते.

स्पिनतरंग
म्योसबाउअर यांचं हे माहीत नव्हतं, खूप धीर आला. थंड_न्यूट्रॉन, लेखी मागायचं तर दिवसांचा आकडा घालू?

थंड_न्यूट्रॉन
आकडाच घाला. आणि नमुने बनवायचे दिवस त्यात वेगळे धरा.