शहरातून गावी आलेल्या मुलीचे प्रेम: अडवावे की समजून घ्यावे?

धागाकर्ती (भुदरगड तालुका): गेल्या जूनमध्ये पुणे सोडून आम्ही शेती करण्यासाठी सासरच्या गावी आलो. सोळा वर्षांची मुलगी अकरावीला गारगोटीस एसटीने जाते. तिच्या बोलण्याला मुली हसत, त्यामुळे तीन महिने ती कोणाशी धड बोलली नाही. दिवाळीनंतर वर्गातल्या एका मुलाशी तिचे सूर जुळले. परवा संध्याकाळची एसटी चुकली, तेव्हा तिने आमच्या आधी त्याला फोन केला. या ओढीमागे एकटेपणाच अधिक आहे, म्हणून तिचा फोन काढून घेऊ नये, असे माझे मत आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र कडक बंदीवर ठाम आहेत.

निवृत्त शिक्षक, कागल: ताई, मी आपल्याशी असहमत आहे. स्टँडवर दोघे बोलताना दिसले की संध्याकाळपर्यंत गावभर होते, आणि बोल मुलीलाच लागतो. मग तिचे शिक्षण थांबते. बारावीपर्यंत मुलींना मिळणारा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास घरात पडून राहतो आणि स्थळे पाहणे सुरू होते. शिवाय बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नसल्याने, पुढे प्रकरण वाढून तक्रार झाली तर त्या पोराचेही आयुष्य कोर्टकचेरीत जाईल. दोघांच्याही भल्यासाठी आत्ताच थांबवावे.

आजऱ्याची माहेरवाशीण: सर, आपली भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. पंधराव्या वर्षी मी मुंबईहून आजऱ्याला आले. आईने माझा फोन कपाटात ठेवला, तेव्हा मी मैत्रिणीच्या फोनवरून, शेताच्या बांधावर उभी राहून बोलू लागले. भेटी थांबल्या नाहीत, मी आईला सांगणे तेवढे थांबवले. आणि ताई, तुम्हालाही सांगते, त्या ओढीला ‘एकटेपणा’ म्हटलेले मला त्या वयात नकाराहून अधिक लागले होते. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तिथे आजही पहिला प्रश्न ‘कोणाचा पोरगा?’ असाच असतो.

निवृत्त शिक्षक, कागल: तो कायदा लग्नाचा होता, इथे दोघे अजून अकरावीत आहेत. मात्र फोन लपवण्याचा मुद्दा मला पटला. निदान त्या मुलाच्या आईवडिलांशी बोलावे.

धागाकर्ती: काल मी मुलीला तिच्या भावनेबद्दल काही न सुनावता, तो घरी कोणाकोणाबरोबर राहतो एवढेच विचारले. ती भाकरी थापता थापता अर्धा तास बोलत होती. रविवारी त्याच्या आईला भेटायला जाणार आहे. मुलीलाही तसे सांगितले आहे.