सिंफनीतून घेतलेल्या चालीत मूळचे काय उरते?

मंद्रसप्तक: पाश्चात्त्य संगीतकार मोत्सार्टच्या ४०व्या सिंफनीचा (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा) आरंभ सलिल चौधरी यांनी ‘छाया’ (१९६१) चित्रपटातील ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या गाण्यात वापरला, हे अनेकांना ठाऊक आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास चाल तीच असूनही परिणाम अगदी निराळा होतो. अशा उसनवारीत मूळ कृतीतले नेमके काय पुढे जाते आणि काय मागे राहते?

पूर्वांग: मागे राहतो तो चालीचा प्रवास. १७८८ सालच्या त्या सिंफनीत चालीच्या आधीच व्हायोलांची (व्हायोलिनहून किंचित मोठ्या, खालच्या स्वराच्या वाद्यांची) अस्वस्थ साथ सुरू होते. पुढे मोत्सार्ट चालीच्या तोंडाचा छोटा स्वरसमूह सुटा करतो आणि मूळ स्केलपासून फार दूरच्या स्केलांमध्ये फिरवून त्यावर इतका ताण आणतो, की तीच चाल परतते तेव्हा पहिल्यासारखी वाटत नाही. गाण्यात तिचा मुखडा होतो, आणि मुखड्याकडे परतणे हा विसावा असतो. त्यामुळे अस्वस्थतेच्या जागी आर्जव येते. याला मी उचलेगिरी म्हणणार नाही, कारण सलिलदांनी चालीला नवे काम दिले आहे.

आरोही: पूर्वांग यांचे म्हणणे पटते, परंतु केवळ चालीपुरता विचार केल्यास इटालियन संगीतकार बेरिओची ‘सिन्फोनिया’ (१९६८) निसटून जाईल. तिच्या तिसऱ्या भागात संगीतकार माहलरच्या दुसऱ्या सिंफनीतील स्केर्त्झो (तीन मात्रांच्या चालीचा चपळ भाग) जवळजवळ सलग वाहत राहतो, त्यावर देब्युसी, रावेल, बेथोवन यांच्या रचनांचे तुकडे येऊन आदळतात, गायक लेखक सॅम्युएल बेकेटचा गद्य मजकूर बोलतात, आणि माहलर कधी पूर्ण झाकला जातो तर कधी अचानक वर येतो. येथे उसना घेतला आहे तो प्रवाहच. शिवाय तो स्केर्त्झोही माहलरने स्वतःच्याच एका गीतावर रचलेला होता! माझ्या ऐकण्यात सिंफनीचे याहून सखोल वाचन दुसरे नाही.

मंद्रसप्तक: आभार. सिंफनीतील चालीला नंतर शब्द दिले गेल्याचे उदाहरण आहे का?

पूर्वांग: चेक संगीतकार द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतील (१८९३) संथ भाग ऐकावा. त्यातील कोर आंग्ले या ओबोच्या जातीच्या सुषिर वाद्यावरच्या चालीला त्याच्याच एका विद्यार्थ्याने १९२२ साली शब्द दिले. ‘गोइंग होम’ हे गीत इतके रुळले, की ते जुने आफ्रिकी-अमेरिकी भक्तिगीत असून द्वोर्झाकनेच ते उचलले, असे अनेकांना वाटू लागले.