इंदूरमध्ये आपल्या मराठी घरांत वरचा पोर्शन कुलूपबंद ठेवायचा, पण भाड्याने द्यायचा नाही. हे बरोबर आहे का?

घर शोधणारी
माझी नोकरी सुपर कॉरिडॉर रस्त्यावर आहे. तीन महिने घर बघतेय. महालक्ष्मी नगरकडच्या एका मल्टीत (बहुमजली इमारतीत) दोन बेडरूमच्या फ्लॅटचे 18,000 सांगितले, मेंटेनन्स वेगळा, दलालाला एक महिन्याचं भाडं. पगार 34,000. म्हणून आपल्या मराठी माणसांत शोधायला लागले. सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर. एका गल्लीत सलग चार घरांचे वरचे पोर्शन बंद! मुलं पुण्याला किंवा परदेशात, खाली दोघं म्हातारी माणसं, वरच्या गॅलरीत कबुतरं. विचारलं की एकच उत्तर: "किरायेदार निघत नाही गं, घर हातचं जातं." एकटी मुलगी म्हटल्यावर तर आत बोलावतही नाहीत. मला वाटतं ही भीती कायद्याच्या अज्ञानातून आली आहे, आणि तिचे पैसे माझ्यासारखे मोजताहेत.

लोकमान्य नगरच्या काकू
अज्ञान म्हणू नकोस बेटा. आमच्याकडेही वर कुलूप आहे, ते का लागलं ते ऐक. वरचा पोर्शन एका कुटुंबाला दिला होता. पहिली तीन वर्षं होळीची पुरणपोळी वर जायची, दिवाळीला त्यांच्याकडून गुजिया खाली यायच्या. भाडं वाढवा म्हटलं आणि बोलणं बंद झालं. खाली करा म्हटलं तर प्रकरण कोर्टात. नऊ वर्षं तारखा. हे अंथरुणाला खिळले तेव्हा फाईल घेऊन मीच जायचे. निकाल आमच्या बाजूनं लागला, पण तो ऐकायला हे नव्हते. कायदा आमच्या बाजूनं असूनही नऊ वर्षं गेली. ती कुठल्या भाड्यात भरून निघणार?

जुनी इंदूर, वकील
काकू, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण दोन गोष्टी सरळ सांगायला हव्यात. "बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो" हे मी प्रत्येक लग्नकार्यात ऐकतो आणि ते चूक आहे. बारा वर्षांची मुदत मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ताबा ठेवणाऱ्याच्या बाबतीत येते. भाडेकरू मालकाच्या परवानगीनं राहतो, म्हणून पावत्या जपा.
दुसरं, आपल्या मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमात, म्हणजे भाड्याच्या जागांच्या कायद्यात, 1983 मध्ये प्रकरण 3-क जोडलं गेलं. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तर ते थेट भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात. तिथे भाडेकरूला लढण्यासाठीही आधी परवानगी मागावी लागते. रस्ता जवळचा आहे. आपल्यात कितीजणांना तो माहीत आहे?

लोकमान्य नगरच्या काकू
वकीलसाहेब, केस सुरू झाली तेव्हा हे हयात होते आणि मिलमध्ये होते. ना विधवा, ना सरकारी नोकर. तुमचा जवळचा रस्ता आम्हाला नव्हताच. आणि अकरा महिन्यांचा करार केलेला होता बरं का.

जुनी इंदूर, वकील
मग तुमचं खरं आहे, तेव्हा लांबचाच रस्ता होता. अकरा महिन्यांबद्दलही फार मोठा गैरसमज आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908 च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला लोक अकरा लिहितात. मुदत संपली म्हणून भाडेकरू आपोआप निघत नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला फार तर दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि मुदतीनंतर न निघाल्यास आधी दुप्पट, दोन महिन्यांनी चौपट भाडं अशी तरतूद आहे. पण तो नमुना आहे, कायदा राज्यानं करायचा असतो.

भंवरकुआंजवळचा मालक
मी सहा वर्षं कोचिंगच्या मुलांना खोल्या देतोय. एकदाही कोर्टात गेलो नाही, पण भांडणं पुष्कळ झाली, सगळी पाण्यावरून. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर पंप होऊन येतं, आमच्याकडे एक दिवसाआड. टाकी एक, मोटर एक, आणि वरची पोरं दोन-दोन बादल्या सांडणार. शेवटी वरची टाकी वेगळी केली, विजेचं सबमीटर लावलं, बोरिंगचा खर्च करारात लिहिला. तेव्हापासून शांतता आहे. घर बळकावायला कुणी येत नाही हो, मुलं परीक्षा झाली की जातात. काकूंनी कुटुंबाला दिलं, तिथेच फरक पडला.

घर शोधणारी
काकू, अज्ञान हा शब्द मी मागे घेते. तुमची नऊ वर्षं वाचून रात्री झोप लागली नाही. पण ज्या कुटुंबानं तुम्हाला छळलं त्याचा हिशोब माझ्याकडून का मागता? मी पोलिस व्हेरिफिकेशन देते, ऑफिसचं पत्र देते, दोन महिने आगाऊ देते. तरी दारातच विचारतात, लग्न कधी करणार?

लोकमान्य नगरच्या काकू
लग्नाचं मी कधीच विचारणार नाही, माझी मुलगीही बंगळुरूला एकटीच राहिली, तिलाही लोकांनी हेच विचारलं होतं. पण मी अजून हो म्हणत नाही. वरच्या नळाला दोन वर्षं पाणी सोडलेलं नाही आणि टाकी एकच आहे. मुलगा म्हणतो, "आई, परत तारखा नकोत." भंवरकुआंवाले दादा, वेगळी टाकी आणि सबमीटर मिळून किती खर्च आला होता, तेवढं सांगाल का?