‘ओपीडीला मुले टिकत नाहीत’ या तक्रारीला उत्तर

मूळ मजकूर (बालाघाटी डॉक्टर): ओपीडीला, म्हणजे दवाखान्यात पेशंट तपासताना हाताखाली ठेवलेली मुले टिकत नाहीत. सहा महिने शिकवायचे, इंजेक्शन भरायला हात बसला की मुलगा मोबाइलच्या दुकानात, नाहीतर पुण्याला कंपनीत. पगारवाढ हवी, जबाबदारी नको. माझ्या वडिलांचा कंपाउंडर एका दवाखान्यात तीस वर्षे राहिला. ती निष्ठा आता संपली.

मांजराकाठ: डॉक्टरसाहेब, वडिलांचा कंपाउंडर तीस वर्षे राहिला हे तुम्ही लिहिले, निघताना त्याच्या हातात काय पडले, हेही लिहिले असते तर निष्ठा कोणाची होती ते समजले असते. मी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात सात वर्षे काम केले. साडेनऊला झाडलोट करून केसपेपर काढायचे, नंबर लावायचे, वजन आणि बीपी घ्यायचे. दोनला ओपीडी सुटायची, पाचला पुन्हा भरायची आणि बाजाराच्या दिवशी रात्रीचे दहा वाजायचे. मधले तीन तास म्हणायला माझे होते, पण त्यात डॉक्टरांच्या मुलाला शाळेतून आणणे आणि विजेचे बिल भरणे हेही माझ्याकडेच असे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला ९ तासांची आणि मधल्या विश्रांतीसह एकूण साडेदहा तासांची मर्यादा घातली होती. माझा दिवस रोजच त्याच्या बाहेर जात असे.

काउंटरमागे बसायला स्टूल नव्हते, कारण बसलेला माणूस आळशी दिसतो असे डॉक्टरांचे मत होते. संडास होता, पण त्याचा रस्ता डॉक्टरांच्या केबिनमधून जायचा. पेशंट आत असताना मी कधी गेले नाही, आणि पेशंट तर सतत आत असत. मी दुपारपर्यंत पाणी पिणेच सोडले होते. एकदा संध्याकाळच्या गर्दीत वापरलेली सुई टोपणात घालताना माझ्या अंगठ्यात घुसली. ‘साबणाने धू आणि पुढचा नंबर घे,’ एवढाच उपचार झाला. अशा वेळी एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो २ तासांत आणि कसेही करून ७२ तासांच्या आत सुरू करायचे असते, ते २८ दिवस चालते आणि सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. हे मला दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला असलेल्या मावसबहिणीने सांगितले. ज्यांच्या भिंतीवर पदवी टांगलेली होती त्यांनी नाही. मी आजारी पडले नाही, हे माझे नशीब.

बालाघाटी डॉक्टर: ताई, सुईचा प्रसंग वाईट आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण तुम्ही सांगता तो कायदा ज्या आस्थापनेत १० किंवा अधिक कामगार आहेत तिला लागू झाला, आणि २०२५ मध्ये तर मंत्रिमंडळाने तो आकडा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. माझ्याकडे तिघे आहेत. दिवाळीनंतर आमच्या भागातली अर्धी गावे ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्यापर्यंत बाकडी रिकामी असतात. तरी मी पगार बारा महिने देतो. एका मुलाच्या बहिणीच्या लग्नाला ४० हजारांची उचल दिली, तीही बिनव्याजी. कारखान्याचा हिशेब दीडशे रुपये फी घेणाऱ्या खेड्यातल्या डॉक्टरला लावू नका.

मांजराकाठ: उचल तुम्हीच काढलीत, म्हणून बोलते. बीड जिल्ह्यात उचल या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ती फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही. तुमचा ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाशी संबंध नाही हे मान्य आहे, पण त्या मुलाला पगारवाढ मागायला तोंड उरले का, हे त्यालाच विचारा. आता तिघांची गोष्ट. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम, म्हणजे वापरलेल्या सुया-बोळ्यांसारख्या कचऱ्याचे नियम, एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस-बी आणि धनुर्वाताची लस देणे, प्रशिक्षण देणे आणि वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करणे, ही जबाबदारी ते दवाखाना चालवणाऱ्यावर टाकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही किमान वेतनाला कामगारांच्या संख्येची अट नाही. तुमच्या तिघांना लस दिली आहे का? हो किंवा नाही, एवढेच लिहा.

गोदाकाठ: लस, स्टूल, पगार सगळे ठीक आहे, पण या कंपाउंडरांमुळे आमच्या तांड्यांवर काय चालले आहे त्यावर कोणी बोलेल का? चार वर्षे दवाखान्यात काढली की हे लोक गावात खोली घेतात, दारावर अधिक चिन्ह काढतात आणि ‘डॉक्टर’ होतात. माझ्या आत्याला अशाच एकाने कंबरेवर इंजेक्शन दिले. तिथे गळू झाले आणि ते फोडायला नांदेड गाठावे लागले. यांना जास्त शिकवणे म्हणजे उद्याचा बोगस डॉक्टर तयार करणे आहे.

पाटोद्याचा: गोदाकाठकर, तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटते, पण हा राग चुकीच्या माणसावर निघतो आहे. मी अकरावी नापास. पहिल्या आठवड्यात डॉक्टर मला म्हणाले, ‘सलाईन तू लाव, मी आत आहे.’ माझ्या हातात सुई मी दिली नाही. सहा हजारांत त्यांना परिचारिका हवी होती, ती मिळाली नाही म्हणून मला केले. नंबर मागेपुढे झाला की शिव्या मला, डॉक्टरांना उशीर झाला तरी शिव्या मलाच. बेकायदा काम नको असेल तर ते करायला सांगणाऱ्यालाही विचारा.

गोदाकाठ: म्हणजे सांगितले म्हणून केले, आणि पुढे जाऊन दुकानही सांगितले म्हणूनच थाटले? ही पळवाट आहे.

पाटोद्याचा: मी दुकान थाटलेले नाही, मी रिक्षा चालवतो. माहिती न घेता कोणाला बोगस म्हणू नका.

बालाघाटी डॉक्टर: बोगसचा विषय निघालाच आहे तर पूर्ण बोलू. २०१४ मध्ये सरकारने कायदा बदलून होमिओपॅथीवाल्यांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमावर ॲलोपॅथीची औषधे लिहायची वाट मोकळी केली. तिथे कोणाला काही वाटले नाही, आणि आमच्याकडे स्टूल नाही म्हणून आम्ही गुन्हेगार.

निवृत्त परिचारिका: डॉक्टर, होमिओपॅथीचे भांडण तुमच्या संघटनेत मांडा, इथे प्रश्न काउंटरमागच्या माणसाचा आहे. तीस वर्षे सरकारी नोकरीत काढली, तेव्हा सरकारी दवाखान्यात सगळे सुरळीत असते असेही मी म्हणणार नाही. ठेकेदाराकडून आलेल्या मुलांचा पगार तीन-तीन महिने अडकलेला मी पाहिला आहे. पण एक मुद्दा कोणीच घेतला नाही. दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्धचा २०१० चा राज्याचा कायदा डॉक्टर आणि नोंदणीकृत परिचारिकांबरोबर निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांनाही संरक्षण देतो. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. पेशंट दगावला की पहिला धक्का काउंटरलाच बसतो. तो मुलगा पोलीस ठाण्यात गेला तर तिथे काय दाखवणार? नियुक्तीपत्र नाही, हजेरीपट नाही, पगार रोख हातात. त्या कायद्यासाठी आंदोलन करणाऱ्यांनी स्वतःच्या माणसाला एक कागद दिला असता तर बिघडले नसते.

गोदाकाठ: हा मुद्दा पटला. कागदावर काम लिहिलेले असेल तर सुई कोणी धरायची हेही ठरेल आणि माझी तक्रारही थोडी कमी होईल. पण थोडीच.

बालाघाटी डॉक्टर: ताईंच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. नाही, दिलेली नाही. सोमवारी तिघांना हिपॅटायटीस-बीचा पहिला डोस देतो आणि काउंटरमागे स्टूलही ठेवतो, म्हणजे मराठवाड्यातले आरोग्य सुधारले असे आपल्याला जाहीर करता येईल. नियुक्तीपत्राबद्दल वकिलाला विचारल्याशिवाय शब्द देणार नाही. उचलीबद्दल मात्र तुमचे म्हणणे मला अजूनही अन्यायाचे वाटते; ती मी मदत म्हणूनच दिली होती.

मांजराकाठ: मदतच होती, यावर माझा विश्वास आहे, मग ती पगारातून किती आणि कधी कापणार, हेही त्याच कागदावर लिहून टाका. आणि दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात असतो. तुमच्याच हिशेबाने तोवर मुलगा मोबाइलच्या दुकानात गेलेला असेल, तरी तिसरा डोस त्याला बोलावून द्या.