चार्जच्या यादीवर सही करू की नको? लवकर सांगा

नवाबीट
मदत हवी आहे. ट्रेनिंग संपवून वनरक्षक म्हणून रुजू झालोय. आधीचे वनरक्षक बदलीवर चाललेत, रिलीव्ह व्हायची घाई आहे, म्हणून सारखे मागे लागलेत, चार्जच्या यादीवर (म्हणजे बीट, नेमून दिलेलं जंगल, आणि सामान ताब्यात मिळाल्याच्या यादीवर) सही कर. यादीत प्रत्येक ओळीपुढे "बरोबर मिळाले" असं आधीच टाइप करून आणलंय. काल कडेच्या कक्षात (जंगलाच्या तुकड्यात) गेलो तर सागाची थुटंच थुटं, तोडलेल्या झाडांचे नुसते बुंधे. कित्येकांवर ना नंबर, ना हातोड्याचा ठसा (खात्याचा शिक्का). राऊंड ऑफिसर (वनपाल) म्हणतात आधी सही कर, मग बघू. उद्या सकाळी सामान न्यायला टेम्पो येणार आहे. पटकन सांगा, इथं टाकीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही.

तेंदूपान
प्रादेशिक, वन्यजीव की एफडीसीएम (वनविकास महामंडळ)? राखीव की संरक्षित? थुटं ताजी की जुनी? काहीच लिहायचं नाही आणि वर पटकन सांगा!

जुना_वनपाल
पोरा, सही करू नकोस. चार्ज घेतलास की बिनशिक्क्याचं प्रत्येक थूट तुझ्या काळातलं. सहा महिन्यांनी बीट चेकिंग लागतं, बाहेरच्या रेंजची (वनपरिक्षेत्राची) माणसं येतात, थुटं मोजतात, घनमीटर काढतात आणि वसुली तुझ्या पगारातून लावतात. आधीचा तोवर दुसऱ्या विभागात निवांत. बीट अख्खी पायी फिरून घे, मग बोल.

कलमबहाद्दर
काका, हा सल्ला नव्या पोराला महागात पडेल. प्रोबेशनवर आहे तो. सही नाकारली तर "आदेश पाळत नाही" म्हणून नोटीस हातात. सही करायची, पण शेरा मारून. "अमुक कक्षात विनाशिक्का थुटे आढळली, मोजणी बाकी, त्या मर्यादेत चार्ज घेतला" एवढं स्वतःच्या हातानं लिहायचं, खाली तारीख आणि वेळ.

जुना_वनपाल
शेरा मारलेलं पान फाईलमधून गायब होताना मी पाहिलंय.

कलमबहाद्दर
म्हणून तर प्रत ठेवायची. आणि रेंज ऑफिसात वेगळा अर्ज देऊन आवकची पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही समजा.

धाव_५किमी
दादा अभिनंदन! ग्राउंडला किती वेळ लागला? पुरुषांना ५ किमी ३० मिनिटांत आहे ना? आणि ते २५ किमी चालणं खरंच ४ तासांत होतं का? नवी जाहिरात कधी येणार काही कळलंय का?

तेंदूपान
भरतीचा धागा वेगळा आहे रे.

नवाबीट
प्रादेशिक. राखीव. विदर्भ. थुटं जुनी की ताजी कसं ओळखायचं? मला तर सगळी सारखीच दिसली.

कुऱ्हाडबंद
साग आहे ना, मग फुटवे बघ. सागाचं थूट गप्प बसत नाही. फुटवा कमरेच्या वर गेला असेल तर एक पावसाळा नक्की झालाय. फुटवा नाहीच, साल ओली आहे, कापलेला भाग अजून पिवळसर आहे, तर तोड अलीकडची. पण वणवा गेला असेल तर फुटवे जळून पुन्हा येतात, तेव्हा नुसत्या उंचीवर जाऊ नकोस. काप करवतीचा की कुऱ्हाडीचा तेही लिही. रात्री आवाज नको म्हणून करवत चालते.

एमपीएससीयात्री
मित्रा, पगार २१,७०० पासून आणि डोक्यावर दुसऱ्याची थुटं. अजून वय आहे, अभ्यास कर, आरएफओची (रेंजच्या अधिकाऱ्याची) परीक्षा दे. मीही तेच करतोय.

जुना_वनपाल
वसुली कशी काढतात तेही ऐक. गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ८० सेंमी गोलाई, ३ मीटर लांबी: ०.२० चा वर्ग ०.०४, गुणिले ३, म्हणजे ०.१२ घनमीटर. एका ओंडक्याला एवढे, मग अख्ख्या कक्षाचे किती बघ.

कलमबहाद्दर
काका, हा हिशेब माल हातात असल्यावरचा. माल नाही तर लांबी कुठून आणणार? थुटाच्या गोलाईवरून छातीच्या उंचीची, म्हणजे १.३७ मीटरवरची गोलाई अंदाजतात आणि तक्ता लावतात.

जुना_वनपाल
तक्ता आमच्या वेळीही होता. पोराला अंदाज यावा म्हणून सांगितलं.

नकाशावाला
एवढी चर्चा कशाला? जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप टाक, प्रत्येक थुटाचा फोटो काढ, अक्षांश-रेखांश आपोआप येतात.

कुऱ्हाडबंद
फोटोत ठसा नाही एवढंच दिसतं, फुटवा किती वर गेलाय ते नाही. शेजारी टेप धरल्याशिवाय फोटो काढू नकोस. आणि दोन पंच सोबत घे. वनमजूर चालतील, पण एक गावातला असलेला बरा.

तेंदूपान
मुख्य गोष्ट कुणीच विचारत नाहीये. आधीच्यांनी या थुटांचे पीओआर (वनगुन्ह्याचे प्राथमिक अहवाल) फाडलेत का? भारतीय वन अधिनियम १९२७, राखीव वन म्हणजे कलम २६. आरोपी माहीत नसला तरी "अज्ञात" म्हणून गुन्हा नोंदवता येतो. पीओआर बुक चार्जमध्ये मिळालंय का? शेवटचं वापरलेलं पान कुठलं? सीमेचे बुरूज मोजलेस? रोपवनाचं रजिस्टर? आणि हातोडा कुणाकडे आहे?

नवाबीट
बुक दाखवलं पण हातात दिलं नाही. हातोडा राऊंड ऑफिसरांकडे आहे म्हणतात. बुरूज नाही मोजले.

जुना_वनपाल
हातोडा हातात नाही आणि यादीत "हातोडा १, बरोबर मिळाला" असं लिहिलंय?

नवाबीट
हो, तिसरी ओळ.

कलमबहाद्दर
मग काकांचं बरोबर. निदान त्या ओळीवर सही नकोच. ती खोडून "प्राप्त नाही" लिही, दोघांची सही घे. उद्या तो हातोडा चोरीच्या मालावर उमटला तर जबाब तुला द्यावा लागेल.

धाव_५किमी
हातोडा सगळ्यांना मिळतो का ट्रेनिंगनंतर?

नवाबीट
अर्ज दिला, पोच मिळाली. आरएफओ साहेबांनी दोघांना बसवून संयुक्त पाहणी करायला सांगितली आहे, राऊंड ऑफिसरही सोबत येणार. आधीचे भडकलेत, टेम्पो रद्द करावा लागला म्हणे. टेप नाही माझ्याकडे, शिंप्याचा चालेल का?

कुऱ्हाडबंद
तो दीड मीटरचा असतो, मोठ्या थुटाला पुरणार नाही. रेंजमधून लोखंडी टेप मागून घे आणि घेतल्याची नोंद डायरीत टाक.