मे महिन्यात बाहेरून आलेल्या नमुन्यांची शुगर कमी लागते: रिएजंट गेला की नमुना?

क्युव्हेट_चोपडा
राम राम मंडळी. सेमी-ऑटो मशीनवर जीओडी-पीओडी (एन्झाइमनं रंग आणून मोजायची पद्धत) ग्लुकोज करतो: १००० मायक्रोलीटर रिएजंट (तपासणीचं रसायन), १० मायक्रोलीटर सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी), ३७ अंशांवर १० मिनिटं, ५०५ नॅनोमीटर. अडावद-धानोऱ्याकडचे नमुने मोटारसायकलवर येतात, दीड-दोन तास जातात. ट्यूब प्लेन (आत काही न घातलेली), लाल टोपीची. ऊन तापल्यापासून या नमुन्यांची शुगर ग्लुकोमीटरपेक्षा २०-३० मिलिग्रॅमने कमी लागते. लॅबमध्येच काढलेल्या रक्ताचं तसं होत नाही. रिएजंटही किंचित गुलाबी झालाय. बदलू का?

तापीकाठ
भाऊ, लॅबमध्ये काढलेलं रक्त बरोबर येतंय म्हणजे रिएजंटवर संशय घ्यायचं कारणच नाही. प्लेन ट्यूबमध्ये लाल पेशी साखर खातच राहतात, साध्या खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. १५० ची शुगर दोन तासांत १३०-१३५ वर येते, आणि डिकीतल्या उन्हात त्याहून लवकर. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर विचारूच नका.

खात्री हवी असेल तर एकाच माणसाचं रक्त दोन प्लेन ट्यूबमध्ये घ्या. एक गोठल्यावर लगेच फिरवून सीरम वेगळं काढा, दुसरी दोन तास नमुने आणायच्या पिशवीत ठेवा, मग दोन्ही एकाच बॅचमध्ये लावा.

उपाय म्हणजे राखाडी टोपीची फ्लोराइड-ऑक्झलेट ट्यूब. खुणेपर्यंत भरा (कमी भरली तर मीठ जास्त होऊन पेशी फुटतात) आणि ८-१० वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी करा. पण फ्लोराइड एनोलेज या एन्झाइमला अडवतं, म्हणजे साखर मोडण्याच्या साखळीच्या बऱ्याच पुढच्या पायरीवर. त्यामुळे पहिला तासभर शुगर उतरतच राहते. म्हणून ट्यूब आइसपॅकच्या डब्यातच आणा, पॅक आणि ट्यूबमध्ये कापड ठेवून.

सेंट्रीफ्यूज तिकडेच ठेवता आलं तर सगळ्यात उत्तम: जेल ट्यूब, अर्धा तास गोठू द्या, मग १० मिनिटं फिरवा. फक्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) बघू नका, रोटर लहान असेल तर त्याच आरपीएमला जोर कमी पडतो.

पिपेट_१०
गुलाबी रिएजंटचं उत्तर राहिलं. मशीन डिस्टिल्ड वॉटरवर झीरो करा, नुसत्या रिएजंटचं रीडिंग घ्या आणि किटच्या कागदावरच्या मर्यादेशी ताडून बघा. हलका गुलाबीपणा ब्लँकमध्ये (नुसत्या रिएजंटच्या रीडिंगमध्ये) वजा होतो, त्यामुळे १०० चा स्टँडर्ड (ठाऊक शुगरचं द्रावण) बरोबर येतो आणि आपण गाफील राहतो. मार बसतो तो वरच्या टोकाला, ४०० च्या पुढे. तसा एखादा नमुना सलाइनमध्ये निम्मा करून पुन्हा लावा आणि उत्तर दुप्पट करा. ते आधीच्यापेक्षा बरंच जास्त आलं तर बाटली फेका. उरलेला रिएजंट परत बाटलीत ओतत असाल तर ते आजपासून बंद.

फ्रिजमधून काढलेला गार रिएजंट पिपेट जरा जास्त ओढते, म्हणून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. टिपच्या बाहेरून १ मायक्रोलीटर सीरम चिकटून गेलं की १० टक्के फरक पडतो, टिप पुसत चला.

कागदावर ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणून वेगळी वेळ दिलेली असते, ती आपल्याकडच्या मे महिन्यासाठी लिहिलेली नाही. साधा ड्राय इन्क्युबेटर फक्त तापवतो. खोली ४१ वर असेल तर तो ३७ वर उतरणार कसा? ग्लुकोज एंडपॉइंट (रंग पूर्ण आल्यावर मोजायची टेस्ट) असल्यानं निभावतं, पण लिव्हरच्या एसजीपीटीसारख्या कायनेटिक (वेग मोजणाऱ्या) टेस्टचे आकडे वर जातात. त्या टेस्ट पेल्टियर फ्लोसेलवरच (मशीनमधला, तापवणारा आणि गारही करणारा मोजणीचा कप्पा) करा, नाहीतर खोली गार ठेवा.

सातपुडा_लॅब
ग्लुकोमीटरला प्रमाण मानू नका भो. मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्के फरक चालतो. जेवणानंतर बोटाचं रक्त शिरेच्या रक्तापेक्षा २०-२५ टक्के जास्त दाखवू शकतं, म्हणून तुलना उपाशीपोटीच करा. पाड्यांवरचे सिकलसेलचे पेशंट असतील तर रक्त कमी असल्यानं मीटर आणखी वर दाखवतं.

क्युव्हेट_चोपडा
राखाडी ट्यूब सुरू करतो. त्यातच युरिया, क्रिएटिनिनही लावलं तर?

तापीकाठ
युरिया नाही. किट युरिएज या एन्झाइमवर चालतं आणि फ्लोराइड युरिएज बंद पाडतं, युरिया खोटा कमी येईल. पोटॅशियम, कॅल्शियमही नाही: ऑक्झलेट पोटॅशियमचं असतं आणि कॅल्शियम बांधून टाकतं. क्रिएटिनिनसकट बाकी सगळ्याला प्लेन ट्यूब वेगळी घ्या. कॅल्शियमच्या ट्यूब बोअरच्या पाण्यानं धुतल्या असतील तर शेवटी डिस्टिल्डमध्ये दोनदा खंगाळा, क्षाराचा पुसट थरही आकडा वर नेतो.