मतलई वारा म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात ‘दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे’ असं वाचलेलं असतं; खारे म्हणजे समुद्राकडून येणारे, मतलई म्हणजे जमिनीकडून. मग मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत भर दुपारी पूर्वेकडून कोरडा वारा येतो, त्याला मतलई म्हणावं का? आणि हा ‘मतलई’ आला कुठून?

उत्तर : अरबीत ‘मतला’ म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा पहिला शेर तो मतला, तोही हाच शब्द. अरब दर्यावर्दी ताऱ्याच्या उगवतीच्या दिशेला मतला म्हणत. आपल्या किनाऱ्यावर उगवती म्हणजे जमिनीची बाजू, तेव्हा मतलईचं नातं तिथे जोडणं मला पटतं. म्हणजे शब्दात दिशा आहे, घड्याळ नाही. ‘रात्री’ हे नंतरचं स्पष्टीकरण. वापराचं एक : मतलई विकारत नाही, म्हणजे त्याचं रूप बदलत नाही; खारा विकारतो. ‘मतलई वाऱ्याने’, पण ‘खाऱ्या वाऱ्याने’.

उत्तर : व्युत्पत्ती मान्य, पण दुपारच्या वाऱ्याला मतलई म्हणू नये. मतलई वारा रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड झाल्यामुळे सुटतो. जानेवारीत मुंबईची पहाट १७-१८ अंशांवर उतरते, समुद्र २६ च्या आसपास असतो. तेव्हा तो छान जाणवतो. शिडाची होडी पहाटे याच वाऱ्यावर बाहेर पडायची आणि दुपारी खाऱ्यावर परतायची. मेमध्ये मात्र रात्रीचा पारा २७ आणि समुद्र २९-३०. फरक फारसा उरत नाही, म्हणून मतलई जवळपास नाहीसा होतो.

तुम्ही म्हणता तो मार्च-एप्रिलचा वारा वेगळा. तो देशावरच्या तापलेल्या भागातून, मोठ्या क्षेत्रावरच्या दाबाच्या रचनेमुळे येतो. त्याला सरळ ‘पूर्वेचा वारा’ म्हणावं. सह्याद्री उतरताना हवा दाबली जाते, आणखी तापते, कोरडी होते.

उत्तर : आणि खरा खेळ इथेच आहे. जमीन तापली की खारा वारा साधारण अकरा-बाराला आत येतो आणि पाऱ्याची चढण थांबते. पूर्वेचा वारा जोरात असला की तो खाऱ्याला किनाऱ्यावरच अडवतो. दोन-अडीचपर्यंत खारा आलाच नाही, तर पारा ३८-४० गाठतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले होते. किनारी केंद्रावर कमाल तापमान ३७ किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश वर असेल तर हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानात हाच उंबरठा ४० आहे.

वारा कधी फिरला ते ओळखायला थर्मामीटरपेक्षा आर्द्रतामापक बरा. आकडा २५-३० टक्क्यांवरून थोड्याच वेळात ५०-६० वर गेला आणि गच्चीवरचे कपडे पूर्वेकडे फडकू लागले, की खारा पोहोचला. कुलाब्याला आधी, कर्जत-बदलापूरला बराच उशिरा, म्हणून तिथला पारा जास्त चढतो. मात्र खारा आला म्हणजे आराम मिळालाच असं नाही. पारा उतरतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही. त्याला ‘उकाडा’ म्हणतात. पूर्वेच्या वाऱ्याची असते ती ‘झळ’.

प्रश्नकर्ता : म्हणजे बातमीत ‘पश्चिमी वारे उशिरा’ असं आलं, तर ते पश्चिमेकडून येणारे, पश्चिमेकडे जाणारे नव्हेत?

उत्तर : हो. वाऱ्याचं नाव नेहमी तो जिथून येतो त्या दिशेचं. नकाशावर २७० अंश लिहिलं असेल तर पश्चिमेकडून, ९० असेल तर पूर्वेकडून.